स्लिप लिहायच्या आधी : फॅमिली डॉक्टरनं एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय कधी सांगायचं, कधी थांबायचं

पेशंट खुर्चीत नीट टेकलेलाही नसतो आणि म्हणतो, डॉक्टर मणक्यात गॅप आलाय बहुतेक, एमआरआयची चिठ्ठी द्या. किंवा पोराचा पाय मुरगळलेला असतो आणि बाप म्हणतो, एकदा फोटो काढूनच घेऊ ना, उगाच डोक्याला ताप नको. बाहेर बाक भरलेला, आणि समजावत बसण्यापेक्षा स्लिप फाडून देणं कितीतरी सोपं, हे जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. हा लेख त्या स्लिपबद्दल आहे. छोट्या क्लिनिकमध्ये बसणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहितोय, पेशंट मंडळींनी वाचला तर उलट बरंच.

एव्हिडन्स बेस्ड, म्हणजे अभ्यासातल्या पुराव्यावर चालणारी प्रॅक्टिस, म्हटलं की आपल्यातले बरेच जण कपाळाला आठ्या घालतात, की ही फॉरेनची गाइडलाइन, आपल्याकडे कुठं चालते. १९९० च्या आसपास कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत गॉर्डन गायट यांनी हे नाव रूढ केलं, पुढे १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा अर्थ नीट मांडला, आणि त्यात डॉक्टरचा स्वतःचा क्लिनिकल अनुभव आणि पेशंटला काय हवंय या दोन्ही गोष्टी पुराव्याच्या बरोबरीनं होत्या. म्हणजे गाइडलाइन डोळे झाकून पाळा असं ते लोकही कधी म्हणत नव्हते. आपल्याकडे टीबी आहे, दुचाकीवरून हेल्मेट न घालता पडणारे आहेत, सीटीची सोय चाळीस किलोमीटरवर आहे, हे सगळं धरूनच निर्णय घ्यायचाय.

पायरी १ : प्रश्न आधी, तपासणी नंतर

स्लिपवर पेन टेकवायच्या आधी मनात तीन गोष्टी सरळ करा. मी नक्की कोणता आजार शोधतोय? तो या माणसाला असण्याची शक्यता मला आत्ता किती वाटतेय, म्हणजे अगदी थोडी, निम्मी-निम्मी, की जवळपास नक्की? आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, रिपोर्ट असा आला तर मी काय करणार आणि तसा आला तर काय करणार. दोन्ही वेळी तेच औषध, तोच व्यायाम, तीच पुढची तारीख असेल तर ती तपासणी कशासाठी होती हे स्वतःलाच विचारायचं.

उदाहरण घ्या. साठीच्या मावशी, गुडघा दुखतोय, जिना उतरताना जास्त, सकाळी थोडा वेळ आखडतो, सूज नाही, ताप नाही, पडल्या नाहीत. हा गुडघ्याचा झिजेचा संधिवात आहे हे हात लावूनच कळतं. एमआरआय काढला तर मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटलाय असं बहुधा लिहून येईल. पण अमेरिकेत फ्रॅमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या लोकांचे असेच गुडघ्याचे एमआरआय काढले होते, २००८ मध्ये ते छापून आलं, आणि ज्यांचा मेनिस्कस फाटलेला दिसला त्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. आता मावशींच्या रिपोर्टमधलं ते फाटणं दुखण्याचं कारण आहे की केस पिकण्यासारखं वयाचं लक्षण, हे एमआरआय सांगत नाही. पण एकदा कागदावर आलं की ऑपरेशनची भीती मात्र घरात शिरते. काढायचाच असेल तर उभं राहून काढलेला साधा एक्स-रे पुरतो, आणि तोही उपचार बदलणार असेल तरच.

पायरी २ : शक्यतेचं गणित, फक्त एकदा नीट करून बघा

हे गणित कॉलेजात झालेलं असतं पण डोक्यात राहत नाही, म्हणून माणसं मोजून करू. समजा एक तपासणी आहे जी आजारी माणसांपैकी ९० टक्के बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर निरोगी म्हणते. ऐकायला झकास. आता आपल्या ओपीडीतले १००० लोक घ्या ज्यांच्यात तो आजार शंभरात एकालाच आहे, म्हणजे १० जण. त्यातले ९ सापडले. उरलेले ९९० निरोगी, पण त्यातल्या ९९ जणांचा रिपोर्टही पॉझिटिव्ह. एकूण १०८ पॉझिटिव्ह, खरे आजारी ९. हीच तपासणी मोठ्या हॉस्पिटलच्या स्पेशालिस्टकडे नेली, जिथे गाळून गाळून आलेल्या १००० पैकी ५०० जणांना खरंच आजार आहे, तर ५०० पॉझिटिव्हमधले ४५० खरे. मशीन तेच, रेडिओलॉजिस्ट तोच, पण रिपोर्टचा अर्थ पार बदलला. फॅमिली डॉक्टरकडे येणारा पेशंट बहुतेक वेळा पहिल्या गटातला असतो, त्यामुळे सरसकट तपासण्या केल्या की खोट्या पॉझिटिव्हचा ढीग आपल्याच टेबलावर पडतो, आणि तो निस्तरायलाही आपणच.

शक्यता वाढवायचं किंवा कमी करायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे हिस्टरी आणि हात. दक्षिण कोरियात उलटं झालं, हेल्थ चेकअपबरोबर थायरॉइडची सोनोग्राफी जोडून मिळायला लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पट वाढलं, त्या कॅन्सरनं मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र होतं तिथंच. हजारो लोकांच्या गळ्यावर ऑपरेशनं झाली. आपल्याकडे फुल बॉडी चेकअपच्या जाहिराती दिवाळी ऑफरसारख्या येतात तेव्हा हे पेशंटला सांगायला हाताशी असू द्या.

पायरी ३ : जिथं तयार नियम आहे तिथं तो वापरा

घोट्यापासून सुरू करू कारण इथं पुरावा सगळ्यात भक्कम आहे आणि करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ओटावा अँकल रूल्स, इयन स्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडले. पेशंटला झोपवा, मोजे-चपला काढा, दोन्ही पाय उघडे हवेत. आधी न दुखणारा घोटा बघून घ्या. मग दुखऱ्या पायाच्या बाहेरच्या घोट्याचं हाड, त्याच्या टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, मागच्या कडेनं अंगठ्यानं दाबत दाबत या. लक्षात घ्या, मागची कड. पुढच्या बाजूला लिगामेंट आहे, मुरगळलेल्या पायात तिथं दुखणारच, तिथं दाबून आई गं म्हटलं म्हणून फोटो काढायचा नसतो. मग तसंच आतल्या घोट्याला. मग पायाच्या बाहेरच्या कडेला करंगळीकडे जाणाऱ्या लांब हाडाचा मागचा फुगीर भाग, तो हाताला सहज लागतो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं नॅव्हिक्युलर हाड. शेवटी उभं करा आणि चार पावलं टाकायला सांगा, लंगडत टाकली तरी चालतील. पडल्यावर लगेच चालता आलं होतं का तेही विचारा.

या चार जागी हाड दाबून दुखत नाही आणि पेशंट चार पावलं टाकतोय, तर एक्स-रे नको. बीएमजेमध्ये २००३ साली २७ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, १५ हजारांवर पेशंट, त्यात नियमानं फ्रॅक्चर नाही म्हटलेल्यांपैकी २ टक्क्यांहूनही कमी लोकांना फ्रॅक्चर निघालं, आणि एक्स-रे ३० ते ४० टक्क्यांनी कमी होऊ शकतात. उलट बाजू पण लक्षात ठेवा, नियम पॉझिटिव्ह आला म्हणजे हाड मोडलंच असं अजिबात नाही, फक्त फोटो काढायला कारण मिळालं एवढंच.

कुठं चालत नाही? दारू प्यालेला, शुद्धीवर नीट नसलेला, दुसरीकडे कुठंतरी मोठं लागलंय त्यामुळे घोट्याकडे लक्षच नाही असा, सूज इतकी की हाड हाताला लागत नाही असा, आणि आपल्याकडे खूप महत्त्वाचं म्हणजे जुना डायबेटीस ज्याच्या पायाला संवेदनाच कमी आहे. त्याला दाबलं तरी दुखणार नाही आणि मोडक्या हाडावर तो चालत येईल. डायबेटिक माणसाचा पाय सुजलाय, गरम लागतोय आणि दुखत नाही, तिथं नियम बाजूला ठेवून फोटो काढा. पाच वर्षांवरच्या मुलांमध्ये नियम बऱ्यापैकी चालतो, त्याखाली मी तरी नुसत्या हातावर विसंबत नाही.

गुडघ्याला मार लागला तर ओटावाचाच दुसरा नियम आहे: वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबून दुखणं, बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या, म्हणजे पोटरीतल्या बारीक हाडाच्या, वरच्या टोकावर दुखणं, गुडघा ९० अंशात न वाकणं, चार पावलं न टाकता येणं. यातलं एकही असेल तर एक्स-रे.

डोक्याला मार हे जरा जपून. कॅनेडियन सीटी हेड रूल २००१ चा आहे, पण तो कुणासाठी आहे ते आधी बघायचं. मारानंतर ज्याची शुद्ध गेली होती किंवा ज्याला आठवत नाहीये किंवा जो गोंधळलाय, पण आत्ता ग्लासगो स्कोअर, म्हणजे शुद्ध किती आहे त्याचे मार्क, पूर्ण शुद्धीत १५, हा १३ ते १५ आहे, अशा मोठ्या माणसासाठी तो आहे. वय १६ च्या खाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, किंवा मारानंतर फिट आली, तर हा नियम लागूच नाही, सरळ पाठवा. लागू असेल तर बघायचं असं: दोन तासांनीही स्कोअर १५ झालेला नाही, कवटी दबल्याची किंवा उघडी फ्रॅक्चरची शंका, कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची चिन्हं जसं की कानातून-नाकातून पाणी येणं, कानामागे काळंनिळं होणं, दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, दोन किंवा जास्त उलट्या, वय ६५ किंवा पुढे. यातलं काहीही असलं तर सीटी. शिवाय मार लागायच्या आधीच्या अर्ध्या तासाहून जास्त काळाचं आठवत नसेल किंवा मार जोराचा असेल, म्हणजे गाडीनं चालत्या माणसाला उडवलं, गाडीतून बाहेर फेकला गेला, तीन फुटांहून किंवा पाच पायऱ्यांहून खाली पडला, तरीही सीटी. दुचाकीवरून उडून पडलेला मी याच खात्यात धरतो, नियमात ते तसं लिहिलेलं नसलं तरी. पाठवताना डोक्याचा एक्स-रे काढत वेळ घालवू नका, कवटीचं फ्रॅक्चर दिसलं नाही म्हणून आत रक्त साकळलं नाही असं होत नाही.

लहान मुलांसाठी पीकार्न या अमेरिकेतल्या मुलांच्या इमर्जन्सीवर काम करणाऱ्या संशोधन गटाचा वेगळा नियम आहे, २००९ चा, दोन वर्षांखाली आणि दोन वर्षांवर असे दोन भाग. तो पाठ नका करू, मोबाइलवर कॅल्क्युलेटर असतो तो पेशंटसमोर उघडला तर काही बिघडत नाही.

पायरी ४ : कंबरदुखी, जिथं सगळ्यात जास्त एमआरआय वाया जातात

कंबरदुखीचा पेशंट आला की एकच काम, धोक्याच्या खुणा शोधणं. त्या नसतील तर पहिले सहा आठवडे एक्स-रे नाही, एमआरआय नाही. अमेरिकेतल्या फॅमिली फिजिशियन्सच्या संघटनेनं नको त्या तपासण्या टाळायच्या चूझिंग वायजली मोहिमेत २०१२ मध्ये हेच सांगितलं, ब्रिटनमध्ये गाइडलाइन काढणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेच्या २०१६ च्या गाइडलाइनचाही सूर तोच, आणि २००९ मध्ये लॅन्सेट या जर्नलमध्ये जे सगळे ट्रायल एकत्र केले होते त्यातही गंभीर आजाराची शंका नसलेल्यांना लगेच फोटो काढून दुखण्यात किंवा हालचालीत काही फायदा दिसला नाही.

का नाही दिसला त्याचं कारण पेशंटला आकड्यांत सांगा. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय बघितले तर विशीतल्या ३० टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी फुगलेली, दिसते. डिस्कची झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६ टक्के. २०१५ चा आढावा आहे हा. म्हणजे तुमच्या पंचेचाळिशीच्या पेशंटच्या रिपोर्टमध्ये एल-४ एल-५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, बल्ज लिहून आली यात नवल काहीच नाही.

आता खुणा. कॅन्सर होऊन गेलाय का, कारण नसताना वजन उतरलंय का, ताप, स्टिरॉइड बराच काळ, म्हातारपणी किरकोळ पडल्यावर अचानक मणक्यात कळ, जोराचा अपघात. मग पायातली ताकद, टाचेवर आणि चवड्यावर चालवून बघा, खोटं वाटेल पण किती जण पँट वर न करताच तपासतात. आणि एक प्रश्न लाजत न बसता विचारायचाच: लघवीला उभं राहिलं की अडकते का, किंवा कळत नाही असं होतंय का, बसायच्या जागी बधिर वाटतंय का. हे नवीन असेल तर सहा आठवडे सोडा, सहा तासही थांबायचं नाही, त्याच दिवशी एमआरआय आणि सर्जन.

या यादीत आपली स्वतःची भर घालायची ती टीबीची. मणक्याचा टीबी सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच येतो, काही जणांना ताप नसतो, वजनही उतरत नाही. आठवड्यामागून आठवडे दुखणं वाढतच चाललंय, रात्री झोपेतून उठवतंय, एकाच मणक्यावर बोटानं ठोकलं की दचकतो, घरात टीबी होता, शुगर आहे किंवा एचआयव्ही आहे, तर विचार करायचा. इथं साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सुटका नाही, कारण हाडातलं तीस ते पन्नास टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेत फारसं दिसत नाही. एमआरआयच हवा, आणि स्लिपवर पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग मागा कारण टीबी एकाच वेळी दोन लांबच्या जागी असू शकतो. औषधं सुरू करायच्या आधी नमुना काढून टीबीची जीन तपासणी आणि कल्चर व्हायला हवं. फॉरेनची सहा आठवड्यांची ओळ अशा पेशंटला लावली तर तीच गाइडलाइन घातक ठरेल, आणि त्यात दोष गाइडलाइनचा नसतो, त्या गाइडलाइनीतही धोक्याच्या खुणांना अपवाद केलेलाच असतो.

पायरी ५ : जिथं आपण उलट कमी तपासतो

सगळा लेख नको नको म्हणणारा होऊ नये. छातीचा एक्स-रे ही आपल्याकडे अजूनही सगळ्यात कामाची आणि स्वस्त तपासणी आहे. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर जो टीबीचा सर्व्हे झाला त्यात एक्स-रे केला नसता तर ४२.६ टक्के टीबीचे पेशंट सुटले असते, नुसती लक्षणं विचारून ते सापडलेच नसते. दोन आठवडे खोकला असेल, किंवा खोकला नसूनही वजन उतरतंय, संध्याकाळचा ताप आहे, घरात टीबी आहे, तर एक्स-रे काढा. पण डाग दिसला की लगेच टीबीची औषधं नाही, थुंकीची जीन तपासणी करा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, आणि ज्या ट्रूनॅट मशीनवर बऱ्याच ठिकाणी ती होते ते मशीन आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे.

मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली तर मेंदूचं इमेजिंग हवंच, आपल्याकडे मेंदूत अळीची गाठ म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस मिळतो. स्तनात गाठ हाताला लागली तर वय कितीही असो फोटो हवा, तिशीखाली आधी सोनोग्राफी, चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही, आणि दुखत नाही म्हणून बघू नंतर असं म्हणायचं नाही. उलट नेहमीचं अर्धशिशीचं डोकं, तपासणी नॉर्मल, तिथं एमआरआयचं काही काम नाही. सर्दीतून झालेल्या साध्या सायनसलाही पीएनएसचा, म्हणजे नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा, एक्स-रे लागत नाही, तो आपल्याकडे निव्वळ सवयीनं काढला जातो.

पायरी ६ : कोणती तपासणी, किती रेडिएशन

डोसचा अंदाज हाताशी असू द्या. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) मिळतं. छातीचा एक फोटो सुमारे ०.०२, डोक्याचा सीटी २ च्या आसपास, पोटाचा सीटी ८ ते १०. आणि ज्याला आपण साधा एक्स-रे म्हणतो तो कंबरेच्या मणक्याचा फोटो एक ते दीड, म्हणजे छातीचे ५० ते ७५ फोटो एकदम. एवढं करून त्यात दिसणार काय तर झीज. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हा प्रश्नच नाही.

मुतखड्याची कळ आहे, ताप नाही, एकच किडनी वगैरे भानगड नाही, तर आधी सोनोग्राफी. २०१४ मध्ये अमेरिकेत २७०० च्या वर पेशंटवर हेच करून बघितलं, आधी सोनोग्राफी केलेल्यांत गंभीर गुंतागुंत सीटी केलेल्यांपेक्षा जास्त झाली नाही आणि रेडिएशन कमी लागलं.

कोविडमध्ये आपण सगळ्यांनीच बघितलं, सर्दी झाली की एचआरसीटी म्हणजे छातीचा सीटी, आणि फोनवर पहिला प्रश्न स्कोअर किती आला, पंचवीसपैकी. सरकारला दर बांधावे लागले, दोन ते तीन हजारांच्या आत. सौम्य लक्षणांच्या पेशंटला सरसकट इमेजिंग नको असं रेडिओलॉजीतल्या फ्लायश्नर सोसायटीनं एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं, पण त्या काळात ऐकायला कोण बसलं होतं.

पाठवायच्या आधी विचारायचं राहतं ते हे. बाईला शेवटची पाळी कधी आली. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, देणार असतील तर किडनीसाठी क्रिएटिनिन, पूर्वीची अॅलर्जी, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे का. एमआरआय असेल तर पेसमेकर, डोक्यातली क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, वेल्डिंग करणाऱ्याला हा प्रश्न हमखास. आणि जुने रिपोर्ट. पेशंट ते साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवतात, आणायला सांगा, निम्म्या वेळा तिथंच उत्तर मिळतं. ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेला व्हॉट्सॅप फोटो बघून मात्र फुप्फुसावर मत देऊ नका, सेंटरकडून मूळ डिजिटल फाइल मागा.

पायरी ७ : स्लिप कशी लिहायची

नुसतं "एमआरआय एलएस स्पाइन", म्हणजे कंबरेचा मणका, एवढं लिहून पाठवलं तर रेडिओलॉजिस्ट जे दिसेल ते सगळं लिहून मोकळा होतो, त्याचा काय दोष. अशी लिहा:

"वय ५२, पुरुष. कंबरदुखी ३ महिने, वाढत चाललीय, रात्री जास्त. वजन ६ किलो उतरलं. डायबेटीस. एल-१ वर ठोकून दुखतं. पायांची ताकद ठीक, लघवी ठीक. ईएसआर वाढलेला. प्रश्न: टीबी किंवा मेटास्टॅसिस आहे का? पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग करावं. गळू किंवा मज्जारज्जूवर दाब दिसल्यास फोन करावा."

(मेटास्टॅसिस म्हणजे दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, ईएसआर ही शरीरात सूज किंवा इन्फेक्शन असलं की वाढणारी रक्ततपासणी.) खाली आपला मोबाइल नंबर. अशा स्लिपला उत्तरही तसंच नेमकं येतं, आणि कधी कधी रेडिओलॉजिस्टच फोन करून म्हणतात की याला एमआरआयपेक्षा अमुक करा. अशा माणसाशी ओळख ठेवा, भेटत राहा.

पायरी ८ : रिपोर्ट वाचताना

शेवटचं इम्प्रेशन वाचून थांबू नका, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधा. मग न मागता मिळालेल्या गोष्टी वेगळ्या काढा. लिव्हरवर थोडी चरबी, किडनीत साधी पाण्याची गाठ, पित्ताशयात मुका खडा. मुका खडा म्हणजे ज्याला कधी कळ आलीच नाही, असे बहुतेक खडे आयुष्यभर मुकेच राहतात आणि सहसा त्यांना ऑपरेशन लागत नाही. पेशंटला हे त्याच दिवशी सांगा, नाहीतर रात्री गुगल सांगेल. रिपोर्ट आणि तुमची तपासणी जुळत नसेल तर फोन उचला, रेडिओलॉजिस्टसोबत फिल्म पुन्हा बघा, आणि तरी शंका राहिली तर पेशंटवर विश्वास ठेवा, फिल्मवर नाही. नाडी जोरात पळतेय, पोट टणक आहे आणि सोनोग्राफी नॉर्मल, तर पेशंट आजारीच आहे.

पायरी ९ : नाही कसं म्हणायचं

"काका, तुमचं पाय उचलून बघितलं, ताकद बघितली, ठोकून बघितलं. नस दाबून धरणारं किंवा घाबरण्यासारखं आत्ता काही नाही. आत्ता एमआरआय काढला तर गादी सरकलीय असं लिहून येईल, माझा काढला तरी येईल. त्यानं औषध बदलणार नाही."

"पण डॉक्टर, शेजारच्याला एमआरआयमध्येच कळलं ना."

"त्यांच्या पायातली ताकद गेली होती. तुमची गेली तर मी स्वतः फोन करून नंबर लावून देईन."

एवढं बोलायला दोन-तीन मिनिटं जातात, पण पुढच्या दहा भेटी वाचतात. पण नुसतं नाही म्हणून घरी पाठवायचं नाही. कागदावर मराठीत लिहून द्या: पायात ताकद कमी वाटली, लघवी-संडासचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, ताप आला तर त्याच दिवशी या, नाहीतर अमुक तारखेला या. तारीख हवीच. आणि पेशंट सगळं ऐकूनही म्हणाला की मला मनाच्या समाधानासाठी काढायचाच आहे, तर भांडू नका, पैसे त्याचे आहेत, फक्त काय निघू शकतं ते आधीच सांगून ठेवा.

पायरी १० : पाकीट आणि कायदा

हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. सेंटरचा माणूस महिन्याच्या शेवटी पाकीट घेऊन येतो हे उघड गुपित आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत कलम ६.४ नं असं कमिशन देणं-घेणं दोन्ही बंद केलंय, आणि महाराष्ट्रात कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये तयारही झाला होता. कायदा बाजूला ठेवा, पण पाकीट येत असेल तर पायरी १ मधला तिसरा प्रश्न प्रामाणिकपणे विचारता येत नाही, माणसाचं मन आपोआप तिकडं झुकतं. सेंटरला सांगा की तेवढी रक्कम पेशंटच्या बिलातून कमी करा. काही सेंटर खुशीनं करतात.

आणि खिशात मावणारे सोनोग्राफीचे प्रोब मोबाइलला जोडून मिळतात ते बघून मोह होतो, मलाही होतो, फुप्फुसातलं पाणी किंवा मूत्राशय भरलंय का हे बेडशेजारी बघता आलं तर किती छान. पण गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली मशीन, जागा आणि वापरणारा डॉक्टर तिन्ही समुचित प्राधिकाऱ्याकडे नोंदलेले नसतील तर तो प्रोब विकत घेणं आणि जवळ बाळगणंसुद्धा अंगाशी येतं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानंच केला, त्यामुळे इथं ढिलाईची अपेक्षा ठेवू नका. क्लिनिकमध्ये एक्स-रे मशीन बसवायचं असेल तर एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, परवानगी लागते, त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर अर्ज होतो.

पायरी ११ : अपडेट राहणं आणि स्वतःला तपासणं

रोज जर्नल वाचणं कुणाला जमत नाही, जमतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो फुकट आहेत, एकेका आजाराचं एकेक पान, आपल्याकडच्या परिस्थितीला धरून केलेलं. कोणत्या लक्षणाला कोणता फोटो यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीचे अॅप्रोप्रिएटनेस क्रायटेरिया फुकट उघडतात, फक्त त्यात आपल्या टीबीचा हिशोब आपण घालायचा. जगभरचे अभ्यास एकत्र करून आढावे काढणाऱ्या कोक्रेन संस्थेचे सोप्या भाषेतले सारांशही फुकट आहेत. पेशंट समोर असताना प्रश्न पडला तर तो रजिस्टरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, दुपारी जेवण झाल्यावर तेवढा एकच शोधा.

आणि एक साधी वही करा. चार रकाने: तारीख, काय सांगितलं, का सांगितलं, रिपोर्ट आल्यावर काय बदललं. पेशंटचं नाव नको, नोंदणी नंबर पुरे. तीन महिन्यांनी शेवटचा रकाना वरून खाली वाचत या. ज्या प्रकारच्या तपासणीपुढे "काही नाही" सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं दिसेल, ती एकच पुढच्या तिमाहीसाठी निवडा, सगळं एकदम सुधारायला जाऊ नका, आणि तिचा नियम मोठ्या अक्षरात लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवा, स्लिपचं पॅड असतं त्याच बाजूला.